पोट भरलं, पाय थांबले

घरात सगळ्यांत जास्त जेवायची सन्मती, आणि घरात वजन उतरत होतं तेही सन्मतीचंच. आता हे कोडं नाही तर काय?

पण तक्रार करणार कोण! बारा वर्षांची सन्मती चौगुले पायविमान चालवायची. पायविमान म्हणजे सायकलसारखं पॅडल मारून उडवायचं विमान. त्याला इंजिन नाही, बॅटरी नाही, वैमानिकाचे पाय हेच इंजिन. वैमानिक जितका हलका तितकं विमान खूश, असं संघातली सगळी मुलं मानत. वजनकाट्यावरचा आकडा उतरला की टाळ्या पडत.

मग एका संध्याकाळी, धरणाच्या पाण्यावर ऐन मध्यावर, सन्मतीचे पाय थांबले. दुखले नाहीत, त्यांत गोळे आले नाहीत, नुसते थांबले. विमान बदकासारखं पाण्यावर बसलं आणि बोटीनं ओढून आणावं लागलं.

"महिन्यानं वैमानिकाची निवड आहे," संघाचे शिरगुप्पे सर म्हणाले. ते रागावले नव्हते, काळजीत होते. "पलीकडचा काठ गाठलास तर जागा तुझी. नाहीतर मला दुसऱ्या कुणाला बसवावं लागेल, पोरी. अंडी सुरू कर बघू. ताकद येईल."

"अंडी नको, सर."

"घरचे रागावतील?"

"घरचे नाही हो. मलाच नको."

घरी तेव्हा कांचनआत्या आली होती. मंगळावरच्या वस्तीत ती मळा, म्हणजे घुमटाखालची शेती, सांभाळायची. पृथ्वीवर तिचं वजन तिथल्या अडीचपट भरायचं, त्यामुळे दोन पावलं चालली की ती खुर्ची शोधायची. दिवसभर ती स्वयंपाकघरात बसून असायची, आणि बसल्या जागेवरून सगळं बघायची.

त्या संध्याकाळी तिनं काय बघितलं? सन्मती धावतपळत आली, कारण ऊन कलायला आलं होतं आणि चौगुल्यांकडे सूर्य मावळल्यावर जेवत नाहीत. जैन घरांतली जुनी रीत. हाताशी जेमतेम अर्धा तास. तहान तर अशी लागलेली, की आधी दोन मोठे पेले ताक गेलं. मग वाडगाभर काकडीची कोशिंबीर. मग दुधीची पातळ भाजी. मग अर्धी भाकरी, आणि ढेकर.

"झालं?" आत्यानं विचारलं.

"गच्च! पोटाचा ढोल झालाय बघ."

"आणि तूप गं?"

"संघात कुणीच खात नाही. अंगाला चिकटतं."

"मी वाढायला जाते तर ताट मागे ओढते," आई ओट्यापासून म्हणाली. "हातातली वाटी हातातच राहते माझ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं सन्मतीकडून सारख्याच वजनाची काकडी आणि शेंगदाणे मोजून घेतले, दोन ताटल्यांत पसरले आणि ओव्हनमध्ये मंद आचेवर ठेवून दिले.

दुपारी ताटल्या बाहेर आल्या. दाणे होते तेवढेच होते. काकडीच्या ताटलीत कागदासारखे चार पापुद्रे.

"काकडी कुठे गेली?"

"हवेत. ती जवळजवळ सगळी पाणीच होती. मंगळाला अन्न पाठवायचं असलं की आम्ही पहिलं हेच बघतो. रॉकेटमधून काकडी नेली तर लोक आम्हाला हसतील."

"पण माझं पोट तर भरतं ना!"

"भरतं की. पोट ही पिशवी आहे बाळा. ती ताणली की मेंदूला निरोप जातो, 'पुरे'. पिशवीत पाणी आहे, चोथा आहे की दाणे, हे तिला लगेच कुठलं कळायला! पायांना मात्र हवी असते ऊर्जा. ती मोजतात कॅलरीत (अन्नातल्या ऊर्जेचं माप). आणि ठरावीक वजनाच्या अन्नात किती ऊर्जा भरली आहे, त्याला म्हणतात ऊर्जाघनता. मूठभर दाण्यात जेवढी ऊर्जा, तेवढी मिळवायला तुला किलोभर काकडी चावावी लागेल."

"किलोभर!"

"आणि एवढासा चमचा तूप म्हणजे जवळजवळ पाव भाकरी."

सन्मती हळूच म्हणाली, "पण मी जड झाले तर विमान उडेल का?"

"आणि हलकी झालीस ती कशानं? खाणं कमी पडलं की शरीर साठवलेलं वापरतं, आणि मग स्नायूंनाच हात घालतं. म्हणजे गाडी चालवायला गाडीचीच चाकं जाळायची! त्या दिवशी तुझ्या पायांतली साठवलेली साखर संपली होती. थांबतील नाहीतर काय करतील बिचारे?"

"मग अंडी?"

"नकोत तर नकोत. मंगळावर कोंबडी नाही, गाय नाही. कोंबडीला पोसायला जी जमीन लागेल, तिच्यावर आम्हीच जेवतो. सगळी वस्ती शाकाहारी, आणि खडक फोडायचं काम करते. फक्त आम्ही पाण्यानं पोट भरत नाही."

मग नवी रीत सुरू झाली. पाणी सराव चालू असतानाच प्यायचं, घोट घोट, म्हणजे जेवायला बसताना तहान नको. ताक जेवणाच्या शेवटी. डब्यात दाणे-गूळ भरलेली शेंगापोळी, दुपारच्या सुट्टीत खजूर आणि तिळाची वडी, म्हणजे संध्याकाळच्या अर्ध्या तासावर सगळा भार नको. मुगाच्या खिचडीवर तूप, भाकरीवर तेल घातलेली शेंगदाण्याची चटणी, तीही चिमूटभर नाही, चांगली चमचाभर. कोशिंबीर राहिली, पण वाडग्याची वाटी झाली आणि तिच्यात दाण्याचं कूट आलं.

"काकडीला शिव्या देऊ नकोस हं," आत्यानं बजावलं. "तिचं काम वेगळं आहे. ती उन्हाळ्यात बोलवायची पाहुणी. तिच्याकडून नांगर ओढून घेऊ नये."

पहिल्या आठवड्यात काहीच झालं नाही. सन्मती रडवेली झाली. दुसऱ्यात जिना चढताना धाप लागेनाशी झाली. तिसऱ्यात वजनकाटा चढला, टाळ्या पडल्या नाहीत, आणि सरांनी पायांचा जोर मोजला तर तोही चढलेला.

निवडीच्या दिवशी वारा समोरून होता. विमान मध्यावर आलं, एकदा खाली झुकलं, आणि काठावर आईनं डोळे मिटून घेतले. पॅडलचा आवाज मात्र थांबला नाही. तो लहान लहान होत गेला, आणि मग पलीकडच्या काठावर एक पांढरा पंख गवतात टेकला.

बोटीतून सगळे पोचले तेव्हा सन्मती गवतात पाय पसरून शेंगापोळी खात होती. सरांनी तिच्या डोक्यावर टप्पल मारली. "जागा तुझी. आणि ते काय खातेस ते सगळ्या संघाला आण उद्या."

आत्या धापा टाकत शेजारी बसली. "तिकडे आमच्या घुमटात वजन कमी भरतं. पायविमान छान उडेल. अजून कुणी उडवलेलं नाही."

सन्मतीनं घास गिळला.

"घुमट किती उंच आहे गं, आत्या?"