दुसरी खूण

मायक्रोस्कोपच्या खोलीत दिवा लावत नाहीत. म्हणून मी कुणाच्या तरी मांडीवर बसता बसता वाचले.

"शेजारचं स्टूल मोकळंय," अंधारातून आवाज आला. "पण हीच जागा हवी असेल तर... माझी तक्रार नाही."

तो स्वानंद. आमच्या खारघरच्या संस्थेत नवीन. दोघांना चुकून एकच वेळ मिळाली होती.

पडद्यावर मोठी, फाटे फुटलेली पेशी जंतूचा तुकडा अंगावर मिरवत होती. जंतूंशी लढणाऱ्या छोट्या टी-पेशी येत, चाचपत, पुढे जात. एक मात्र थांबली.

"ओळखलं तिनं," मी म्हणाले.

"नुसतं ओळखून भागत नाही. मोठीला दुसरी खूणही द्यावी लागते, की हो, तूच. ती मी औषध घालून अडवलीय."

"मग हिचं काय होणार?"

"गप्प होईल. मरणार नाही... पण नंतर दोन्ही खुणा दिल्या, तरी ओ देणार नाही."

त्याचं मनगट माझ्या मनगटाला टेकलं होतं. कुणीच हलवलं नाही.

मग —

सेंट्रल पार्क. कणसाला लिंबू त्यानं चोळायचं, तिखट-मीठ मी.

मग — "आईला भेटशील?"

डोशाचं हॉटेल. त्याचा हात माझ्या खुर्चीच्या पाठीवर. आईंनी माझं नाव विचारलं. संघप्रिया, मी म्हणाले. आडनाव? तेही सांगितलं.

खुर्चीवरचा हात उचलला गेला.

"आमच्या लॅबमध्ये असते," तो म्हणाला. "कामात हुशार आहे."

आईंनी चटणी माझ्याकडे सरकवली. मी वाट पाहिली. डोसा संपेपर्यंत, कॉफी येईपर्यंत. अजून एक वाक्य... एकच...

—

—

उन्हाळ्यात तो त्याच खोलीत आला. शेजारच्या स्टुलावर बसला.

"प्रिया, घरी सांगितलं. सगळं. आई रडली, पण तयार झाली. मी तेव्हाच बोलायला हवं होतं... आता तू फक्त हो म्हण."

त्यानं मनगट माझ्या मनगटाला टेकवलं. याचीच तर वाट पाहिली होती मी. आत शोधलं. राग सापडला असता तरी चाललं असतं.

पडद्यावर त्या गप्प झालेल्या पेशी होत्या. आज त्यांना दुसरी खूणही दिली होती. काहीच अडवलं नव्हतं. मोठी पेशी त्यांना बिलगून होती. त्या तशाच.

"प्रिया?"

ऐकू आलं मला. अगदी नीट ऐकू आलं.