तेरावी टोपी

हॅलोवीन हा शब्द इनामगावात मोबाईलवरून आला आणि हर्षदाच्या बालवर्गातल्या बारा पोरांनी तो असा काही धरून ठेवला, की शेवटी तिने पार्टी कबूल केली. एकतीस ऑक्टोबर, दुपारी चार. आदल्या दिवशी ती घराला लागून असलेल्या पत्र्याच्या वर्गात खेळांची यादी घेऊन बसली. एकमेकांना जुन्या धोतराच्या पट्ट्या गुंडाळून ममी करायची, काळ्या कागदाच्या निमुळत्या टोप्या घालून संगीत-खुर्ची खेळायची आणि शेवटी मडक्यातलं भूत. खिडक्यांना वावरात अंथरून उरलेला काळा मल्चिंग पेपर लावला, तसा भर तीन वाजता वर्गात अंधार झाला.

भावकीतल्या बायका नाकं मुरडत होत्या. पोरांना असली अवदसा कशाला शिकवायची, असं एकीने तोंडावर विचारलंही. हर्षदाने मनावर घेतलं नाही. भुताखेतांची भीती घालून लोकांनी तिचं जे हिरावलं होतं, त्यापुढे हे काहीच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी तिची लेक सातव्या दिवशी गेली. बारसंही झालं नव्हतं. सासूने, कुशाबाईने, मूल पदराखाली घेतलं आणि पुरून आली. कुठे, ते आजतागायत सांगितलं नाही. आईने विचारू नये, मूल मागे लागतं, एवढंच उत्तर. तो राग हर्षदाच्या पोटात अजून धुमसत होता.

मडक्याचा खेळ सोपा. शिरूरच्या बाजारातून आणलेली दोन मडकी तिने आडवी ठेवून तोंडाला तोंड लावली, म्हणजे पोरांना डोकावता येणार नाही. सांधा कणकेने लिंपला. एका मडक्याच्या पोटाला हात जाईल एवढं भोक पाडून भिजवलेला साबुदाणा आत सोडला. हात घालायचा आणि आत काय आहे ते ओळखायचं.

कुशाबाई चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. 

"मडकी सोडव... तोंडाला तोंड लावू न्हाई."

"का? कारण सांगा, आत्याबाई."

कुशाबाईने कपबशी खाली ठेवली. तिच्याकडे बघतच हर्षदाने बाही वर सारली आणि मुद्दाम हात आत घातला. साबुदाणा गार, बुळबुळीत. मग जिथे मडकं संपायला हवं होतं, तिथून हात आणखी पुढे गेला... ओल्या मातीचा वास आला. कुणीतरी तिची करंगळी धरली, मऊ, इवल्या मुठीने.

 तिने हात मागे घेतला नाही.

"मी हाय गं..." हर्षदा हळूच म्हणाली.

मूठ सुटली. हात बाहेर आला तो कोरडा ठणठणीत, आणि बोटांत मनगटी अडकलेली. काळ्या मण्यांची, मध्ये एकच लाल मणी. काळे कमी पडले म्हणून तो लाल मणी हर्षदाने लेकीसाठी स्वतः ओवला होता, बाळंतिणीच्या खाटेवर बसून.

कुशाबाईने मनगटी ओळखली; बाळाबरोबर तिनेच ती पुरली होती. मग सगळं बाहेर आलं. तरुणपणी ती गावाजवळच्या उत्खननात मजुरीला जायची. हजारो वर्षांपूर्वीच्या घरांच्या जमिनीखाली तिथे जोडमडकी निघायची, तोंडाला तोंड लावलेली, आत तान्ह्या मुलांची हाडं.

"नदीला पुरलं असतं तर कुत्र्यांनी उकरलं असतं... त्या बायांनी पोटची पोरं घरात ठिवली, तशी मी ठिवली. हितंच. वरनं ह्यो कोबा झाला."

हर्षदा कोब्यावर हात टेकून रडली, दोन वर्षांचं सगळं रडली. सासूवर चिडावं की तिच्या गळ्यात पडावं, तिला कळेना. कुशाबाई विनवत राहिली, की पार्टी मोड, लेकराच्या अंगावर पोरं नाचवू नको.

"पार्टी हितंच व्हनार," हर्षदा म्हणाली. "दोन वर्सं एकटी हाय ती. उद्या खेळू द्या तिला."

डोळे पुसून तिने कात्री घेतली आणि तेराव्या टोपीला कागद काढला. छोटाच काढला. सात दिवसांच्या डोक्याचं माप तिच्या तळहाताला अजून आठवत होतं. मग तिचं लक्ष मनगटीकडे गेलं. तिने तेव्हा बेतलेली मनगटी दोन बोटांतही जाताना अडली असती. ही चारही बोटांवरून अलगद खाली उतरली. लाल मणी तोच होता, पण काळे कितीतरी वाढले होते, आणि ते ओवलेला दोरा नवा होता, ओला.

हर्षदाने छोटा कागद बाजूला सारला आणि मोठा घेतला.