पुन्हा सुरू केली

रुग्णालयाच्या तळघरात संगणक सांभाळणाऱ्या त्याला सगळे ‘वैद्यबुवा’ म्हणत, आणि त्याला ते आवडायचंही. बंद पडलेलं यंत्र त्याच्या हातून उठलं नाही, असं कधी झालंच नव्हतं. रुग्णांच्या नोंदींचा डेटाबेस अधूनमधून मान टाकायचा, म्हणून त्यानं एक छोटा प्रोग्रॅम लिहिला होता. डेटाबेस बंद पडला की तो आपोआप सुरू करायचा आणि वैद्यबुवांना ईमेल पाठवायचा. तीनदा उठवूनही टिकला नाही तर मात्र नाद सोडायचा, कारण उठवाउठवीत दर वेळी थोड्या नोंदी पुसल्या जायच्या.

त्या दुपारी तो निर्धास्त होता. आई वर अतिदक्षता विभागात होती, पण डॉक्टरांनी धीर दिला होता. ईमेल आला, तो त्यानं सवयीनं उघडला.

‘आई बंद पडली होती. पुन्हा सुरू केली. पहिला प्रयत्न.’

कुणीतरी थट्टा केली असणार. एकेकाचा चांगला समाचार घेतो, म्हणत त्यानं प्रोग्रॅम तपासला. त्यात डेटाबेसशिवाय कशाचंच नाव नव्हतं. संगणकांच्या पंख्यांची घरघर मधेच थांबली आणि कुणीतरी दम घ्यावा तशी पुन्हा सुरू झाली. त्यानं वर फोन लावला.

“आत्ताच हृदय थांबलं होतं,” सिस्टर दबक्या आवाजात म्हणाली. “आम्ही हात लावायच्या आत... आपोआप सुरू झालं.”

तेवढ्यात दुसरा ईमेल आला. ‘दुसरा प्रयत्न.’ आता एकच प्रयत्न उरला होता. वर धावत जाऊन तो काय करणार होता? त्याला जे येत होतं ते त्यानं केलं, तीनची अट काढून टाकली. कितीही वेळा उठव, पण उठव. आई आता जात नाही, या आनंदानं त्याला रडूच आलं.

ईमेल येत राहिले, एकामागून एक. मग फोन वाजला. आई शुद्धीवर आली आहे, बोलायचं म्हणते, असं सांगून सिस्टरनं घाईनं फोन तिच्याकडे दिला.

“अरे...” आईचा आवाज फार लांबून आला. “किती वेळा उठवशील? दर वेळी थोडी कमी परत येते रे मी... आता निजू दे.”

त्यानं प्रोग्रॅम बंद केला. मग पुसूनच टाकला. फोनमध्ये सगळं शांत झालं, आणि त्यानं डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा समोरच्या पडद्यावर ईमेल आला होता. ‘पुन्हा सुरू केली.’

“आई?” तो कसाबसा म्हणाला.

“कोण बोलतंय?” आईनं विचारलं.