मिंगोचा वाटा

हॅस्केटमालकांच्या भातशेतीवर मुकादम आयशम रोज सकाळी खुंट्या ठोकून आम्हा प्रत्येक गुलामाचा वाटा आखून देतो. खुंट्यांच्या आतली जमीन आपली, म्हणजे घाम गाळण्यापुरती. वाटा खणून झाला की उरलेला दिवस आपला, अर्धवट राहिला तर पाठीवर चाबूक. माणूस गेलं की आम्ही ‘मेलं’ म्हणत नाही, ‘खुंट्या निघाल्या’ म्हणतो. आमच्यासारख्यांना मिळणारी ती एकच सुट्टी.

माझा नवरा मिंगो मागच्या वर्षी चार्ल्स्टनच्या बंदरातून जहाजात लपून उत्तरेला, जिथे गुलामी नाही तिकडे, पळाला. मालकांनी मागे माणसं धाडली, पण तिकडच्या गावाने त्याला परत द्यायला साफ नकार दिला. रस्त्यात लोक आडवे आले म्हणे. तेव्हापासून मालकांचं डोकं फिरलं. जेवायला येणाऱ्या प्रत्येकाला ते एकच रडगाणं ऐकवायचे: हे उत्तरेवाले आमचा माल दाबून ठेवणार आणि वर आम्हालाच नीती शिकवणार, तर असल्यांच्या संगतीत आपल्या राज्याने राहायचं तरी कशाला? पाहुणे टेबलावर मुठी आपटायचे. मग मालकांनी हुकूम काढला, मिंगोच्या खुंट्या रोज ठोकायच्या.

“पण खणणार कोण, मालक?” आयशमने विचारलं.

“त्याची बायको आहे ना जिवंत?”

असे माझ्या नशिबी दोन वाटे आले. माझा कसाबसा व्हायचा, मिंगोचा राहायचा, आणि संध्याकाळी चाबूक ठरलेला. पाठीवरची एक जखम भरायच्या आत दुसरी व्हायची. हिवाळा असाच गेला तर आपल्या खुंट्या निघणार, हे मला स्वच्छ दिसत होतं.

नोव्हेंबरातल्या एका दुपारी माझं संपवून मी त्याच्या वाट्याकडे वळले, तर तो खणून झालेला होता. ढेकळं ओली होती आणि सगळी डावीकडे उलटलेली होती. आमच्यात डावखुरा एकटा मिंगोच होता.

“आयशमदादा, हे कुणी केलं?”

“मला काय विचारतेस, जूबा? मी बांधावरून हललो नाही.” त्याने इकडेतिकडे पाहिलं. “चाबूक वाचला ना? मग तोंड मिटून बस.”

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कुणाला तरी माझी दया आली असेल, असं मी धरून चालले. दुसऱ्या सकाळी नदीवरून दाट धुकं आलं. सगळे आपापल्या वाट्यात उभे होते, मी स्वतः एकेकाला हाक मारून खात्री केली, आणि मिंगोच्या रिकाम्या वाट्यातून कुदळीचा आवाज येत होता. धुकं विरलं तसा तो थांबला. जमीन खणलेली होती. खरं सांगते, मला भीती नाही वाटली, सुख वाटलं. त्याने मला टाकलेलं नव्हतं.

गोष्ट मालकांच्या कानावर गेलीच. ते शेजारच्या जमीनदारांना घेऊन बांधावर आले.

“बघा! उत्तरेत बसूनही राबतोय तो माझ्यासाठीच. तो माझाच, याला अजून कसला पुरावा हवाय?”

त्याच आठवड्यात पाठलागावर गेलेला माणूस परतला. मिंगो उन्हाळ्यातच छातीच्या दुखण्याने गेला होता, तिकडेच पुरला होता. माझ्या हातून कुदळ गळून पडली. मालक मात्र पोट धरधरून हसले.

“म्हणजे मेल्यावरही माझाच! मग बाकीच्यांना काय धाड भरलीये?”

त्यांनी आमच्या दफनभूमीतल्या एकेकाच्या नावाने खुंट्या ठोकायला लावल्या. आयशमने त्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी सगळं धुकं कुदळींच्या आवाजाने भरून गेलं. आमच्यापैकी कुणी मान वर केली नाही.

“जेवण नको, कपडा नको, आजारपण नाही,” मालक खुशीत म्हणाले. मग माझ्यापाशी थांबले. “तुला एक पोरगी होती ना गं? काय बरं नाव?”

मी खाली वाकून खणत राहिले.

“फीबा,” त्यांनाच आठवलं.

फीबा तापाने गेली तेव्हा तिने कुदळीला हातही लावला नव्हता. तिला पुरताना मी रडले नाही. ‘बाळा, तू सुटलीस,’ एवढंच म्हणाले होते.

“मालक, तिला नको,” मी त्यांचे पाय धरले. “मला तिसरा वाटा द्या.”

“लहान आहे, पाव वाटा दे,” ते आयशमला म्हणाले. “जूबाच्या शेजारीच. आणि राहिला तर हिला चाबूक. जरा मोठ्याने सांग, तिला ऐकू गेलं पाहिजे.”

आयशमने मोठ्याने सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तो वाटा खणलेला होता. वेडावाकडा, पण पुरता. चिखलात पावलं उमटली होती, माझ्या तळहातात मावतील एवढी.

त्या दुपारी नदीकडून तोफा वाजल्या. आपलं राज्य उत्तरेवाल्यांची संगत सोडून देशाच्या संघातून बाहेर पडलं होतं. मोठ्या घरात मेजवानी सुरू झाली, मुकादमसुद्धा तिकडे धावला.

मी फीबाच्या खुंट्या उपटल्या. कालव्यात फेकल्या.

मग चिखलाला तोंड लावून म्हणाले, “जा, बाळा. मला मारू देत. मला सवय आहे. तू जा.”

काहीच ऐकू आलं नाही.

सकाळी मी आयशमच्या आधी शेतावर पोचले.

फीबाच्या खुंट्या पुन्हा जागेवर होत्या. वाकड्या, कालव्याचं शेवाळ लागलेल्या.

माझ्या बाजूच्या दोन मात्र सरकवलेल्या होत्या, माझ्या वाट्यात चांगल्या हातभर आत. तेवढं माझं काम कमी झालं होतं.