मामांनी दाबलेलं बटण

दुपारी मी तुमच्यावर ओरडलो, ते मनात धरू नका. जेवलात ना पोटभर? मग बसा जरा. तो मोठा दिवा बंदच राहू द्या, डोळ्यांवर येतो.

रिमोटवरची क्रेन सारखी थांबतेय, मालक डोक्यावर बसलाय आणि अँटेनाची लांब वायर उद्या दुपारशिवाय येत नाही. अशा वेळी तुम्ही विचारलंत, "काका, आजच्या रात्रीपुरती एक तार टाकून चालवायची का?" त्यात जगावेगळं काही नाही. या धंद्यात प्रत्येकजण कधी ना कधी हे विचारतोच. मी मात्र हातातला पाना फेकला. तुम्हाला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. फिरलंयच, पण का फिरलं ते ऐका.

आधी हे बघा. हा जुना क्रेनचा रिमोट. मागचं झाकण उघड, बघ आत. बॅटरी नाही ना? नऊ वर्षं झाली, नाही. आणि हे वरचं लाल बटण. दाबलं की आत जाऊन अडकतं. आपोआप वर येत नाही, पिळलं तरच येतं. आत्ता आत आहे. हे पिळलं… टक्. आलं वर, दोघांनीही बघितलंत. आता हा पेटीत टाकतो, पेटीला कुलूप लावतो, आणि किल्ली तू ठेव, धाकट्या. शर्टाच्या खिशात ठेव, हरवशील.

तर माझ्या ओळखीचा एक माणूस होता. त्याच्या खिशाला कायम टेस्टर लटकलेला असायचा, म्हणून आम्ही त्यालाच टेस्टर म्हणायचो. हात सोन्याचे. क्रेनवर रिमोट बसवावा तर त्यानंच. एका लोखंडाच्या शेडमध्ये त्याला असंच काम मिळालं. तिथला क्रेनवाला म्हणजे सगळ्यांचे मामा. बावीस वर्षं वरच्या केबिनमध्ये बसून क्रेन चालवलेली. आता केबिन बंद झाली आणि मामांना खाली उभं करून त्यांच्या हातात हा डबा दिला.

मामा म्हणाले, "वर होतो तेव्हा ब्रेकवर पाय असायचा रे. आता भरवसा कशावर ठेवायचा?"

टेस्टरनं लाल बटण दाखवलं. "यावर, मामा. काहीही बिघडू दे, हे दाबायचं. क्रेनची मुख्य वीजच तुटते. जग थांबतं."

मामा म्हणाले, "आमच्या सुपरवायझरला बसवता येईल का असलं एखादं?" सगळी शेड हसली. मामांनी बटण दाबून बघितलं. वर, क्रेनवरच्या पेटीत, धाड् असा आवाज झाला, मुख्य वीज तुटल्याचा. मामांना तो आवाज फार आवडला. तेव्हापासून रोज सकाळी कामाआधी बटण दाबायचे, कान देऊन धाड् ऐकायचे, आणि मगच भार उचलायचे.

तिसऱ्या दिवशी आजार सुरू झाला. भार हवेत असताना क्रेन मधेच मरायची, मग सगळं पहिल्यापासून चालू करा. टेस्टरनं बॅटरी बदलली, जोडण्या आवळल्या. शेजारच्या शेडमधला रिमोट त्याच चॅनेलवर बोलत होता, म्हणून चॅनेल बदललं. फरक पडला, पण पुरता नाही. खरं दुखणं होतं अँटेना. ती लोखंडी पेटीच्या आड बसवलेली, तिला नीट ऐकूच येत नव्हतं. लांब वायर लावून ती बाहेर काढायची, एवढंच काम. वायर यायला चार दिवस होते. आणि क्षणभर सिग्नल गेला तरी मुख्य वीज तुटत होती. तुटायलाच हवी, त्यासाठीच ती सोय असते.

मालक फोनवर फोन करत होता. टेस्टरनं आमच्या ऑफिसातल्या साहेबांना विचारलं. साहेब म्हणाले, "तात्पुरतं काहीतरी कर आणि क्रेन चालू दे. सगळं मीच सांगायला हवं का?"

मग त्यानं तार टाकली. दोन बोटं लांब, निळी. मुख्य वीज तोडणाऱ्या रिलेला बगल देणारी. आता सिग्नल गेला तरी वीज तुटणार नाही. अर्थात, लाल बटण दाबलं तरी तुटणार नाही. रोजच्या कामात हे कळत नाही बरं का. चालवायचं बटण सोडलं की क्रेन एरवीसारखी थांबते. लाल बटणाची गरज पडते ती शंभरातून एकदा, आतला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरला वीज देणारा खटका, चिकटला आणि हात सोडूनही क्रेन चालतच राहिली तर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी बटण दाबलं आणि कान दिला.

"अरे, आज आवाज नाही आला वरून?"

आता नीट ऐका. भूत-बित राहू दे बाजूला, या गोष्टीतली सगळ्यात वाईट जागा ही आहे. टेस्टर म्हणाला, "सुधारणा केलीय मामा. आता आवाज होत नाही."

मामांनी मान डोलावली. शिकलेल्या पोराचं ऐकायचं, अशातले होते ते. चार दिवसांनी वायर आली आणि स्टोअरमध्ये पडून राहिली, कारण क्रेन तर छान चालत होती. तीन आठवडे गेले.

नोव्हेंबरमधला दुसरा गुरुवार. दुपारी पावणेचार. मामांनी जाड पत्र्यांचा गठ्ठा उचलला आणि खांबाच्या दिशेनं न्यायला लागले. मधे थांबायचं म्हणून हात सोडला. कॉन्टॅक्टर चिकटला होता. गठ्ठा येतच राहिला. मामांनी लाल बटण दाबलं आणि… उभे राहिले. लांबून लेथवाल्यानं बघितलं, तो ओरडत होता, "मामा, पळा!" मामा पळाले नाहीत. का पळतील? त्यांना सांगितलं होतं ना, जग थांबतं म्हणून.

खांब आणि गठ्ठा यांच्यामध्ये गेले. कुणीतरी धावत जाऊन सगळ्या शेडची वीज तोडली, पण फार उशीर झाला होता.

संध्याकाळी साहेबांचा टेस्टरला फोन आला. उद्या दहाला सरकारी तपासनीस येणार होता. साहेब म्हणाले, "रात्रीच जा. वरची तार काढ. आणि रिमोट शेडमधल्याच कपाटात ठेवलाय, त्याचं बटण आत असेल तर वर कर. दोनच कामं. अर्ध्या तासाचं काम आहे."

समजलं ना? मेलेल्या माणसाच्या बाजूनं एकच साक्षीदार उरला होता, ते आत अडकलेलं बटण. तेच फिरवायचं होतं.

टेस्टर शेडवर पोचला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. वॉचमननं किल्ल्या दिल्या. आत यायला तो तयार नव्हता, फाटकावरच थांबला.

कपाटात रिमोट पिशवीत होता. बटण आत. त्यावर ग्रीसचा अंगठा उमटलेला. टेस्टरनं आधी सवयीनं बॅटरी काढली, खिशात टाकली. बटण पिळलं. टक्. वर आलं. फडक्यानं अंगठा पुसला. कपाटाला कुलूप घातलं आणि शिडी चढून क्रेनवर गेला.

वरची पेटी उघडली, वीज बंद केली, तार काढली, खिशात घातली. हात सराईत चालत होते, तो मला म्हणाला. कामात होते ना. मग एकदा तपासावं म्हणून वीज चालू केली.

रिमोट बंद असला की पेटीतल्या रिसीव्हरवर, रिमोटचा सिग्नल ऐकणाऱ्या डबीवर, पिवळा दिवा लुकलुकतो. म्हणजे, माझा रिमोट कुठाय, मी शोधतोय.

पिवळा नव्हता. लाल होता.

लाल म्हणजे रिमोट चालू आहे. आणि त्याचं बटण दाबलेलं आहे. तो रिसीव्हर दुसऱ्या कुठल्याच रिमोटचं ऐकत नाही, फक्त आपल्या जोडीचं. टेस्टरनं खिसा चाचपला. बॅटरी होती खिशात.

वीज बंद. चालू.

लाल.

त्यानं साहेबांना फोन लावला. "साहेब, इथं लाल दिवा…"

"तार काढलीस?"

"काढली. पण साहेब, कोणीतरी बटण…"

"बंद कर आणि खाली ये."

खालून आवाज आला.

टक्.

"साहेब, ऐकलंत?"

पलीकडून फोन ठेवला गेला. साहेबांनी ऐकलं होतं.

टेस्टर उतरला. शिडीची एकेक पायरी. शेडमध्ये एकच दिवा, खांबाजवळ. तिकडे बघितलं नाही. कपाटाचं कुलूप तसंच. उघडलं. पिशवी तशीच. पिशवीला गाठ.

बटण आत.

त्यावर ग्रीसचा अंगठा.

त्यानं पिळलं. वर आलं. कुलूप लावलं. दोन पावलं गेला.

टक्.

परत उघडलं. आत. पिळलं. कुलूप.

टक्.

किती वेळा… त्यानं मोजलं नाही. बोटांची सालं निघाली. फाटकाकडे पळावं, तर सकाळी बटण आतच सापडेल. नोकरी जाईल, वर तुरुंग. एक वाजला. दोन वाजले. तीनच्या सुमाराला तो कपाटासमोर फरशीवर बसला. रिमोट मांडीवर. त्याच्या डोळ्यांदेखत बटण खाली गेलं. सावकाश. कुणीतरी जोर लावून, अगदी शेवटपर्यंत दाबावं तसं.

तेव्हा तो बोलला.

"मामा… माझी पोरं लहान आहेत हो."

शेडमध्ये काहीच हललं नाही.

मग त्यानं बटण पिळलं. वर आलं. तो बघत बसला. पाच मिनिटं. दहा. तास गेला. बटण वरच राहिलं.

मामांनी ऐकलं त्याचं, पोरांनो. मेल्यावरसुद्धा ऐकलं.

सकाळी टेस्टरनं बॅटरी परत घातली आणि तपासनिसानं बटण दाबलं. धाड् असा मस्त आवाज आला. कागदावर लिहिलं गेलं, यंत्रणा चोख, चालक घाबरून जागीच उभा राहिला, त्यानं बटण दाबलं नाही. बावीस वर्षांची नोकरी त्या एका ओळीत गेली. आठ दिवसांनी मामांची मुलगी शेडवर आली, बापाचा जेवणाचा डबा आणि चपला न्यायला. कुणाशी भांडली नाही. टेस्टर दिसला तसं त्यालाच विचारलं, "दादा, तुम्ही शिकवलं होतंत ना त्यांना? आईला लोक सांगतात, त्यांचीच चूक होती. खरंच नव्हतं का दाबलं बाबांनी बटण?"

टेस्टरच्या शेजारी साहेब उभे होते. टेस्टरनं चपलांकडे बघितलं.

"नाही," म्हणाला.

त्या रात्रीपासून बटण परत आपोआप आत जायला लागलं. रिमोटचा तो सेट भंगारात निघाला, तेव्हा टेस्टरनं तो रिमोट उचलून आणला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. आत्ता सांगितलं ते सगळं एका दमात सांगितलं आणि म्हणाला, "माझ्या वाट्याचं मी नऊ महिने भोगलं. आता हे तुमचं." नोकरी सोडून गेला, परत दिसला नाही.

साहेब कोण, ते कळलंच असेल तुम्हाला. फोनवर तो टक् मी ऐकला होता. ऐकून फोन ठेवला, कूस बदलली आणि झोपायचा प्रयत्न केला. वर्षभरात मला बढतीही मिळाली, हसू नका. मामांच्या मुलीचा पत्ता माझ्याकडे आहे. दोनदा तिच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो आणि परत आलो. आता तिची आईही गेली म्हणतात, नवऱ्याचीच चूक होती असं मानून गेली. माझ्यासारखा भेकड माणूस तुम्हाला काका म्हणून मिळाला, हे तुमचं नशीब.

तेव्हा तार नाही. उद्या दुपारी वायर येईल, अँटेना बाहेर काढू, मालकाला बोंबलू दे. आणि सकाळी बटण दाबाल, तेव्हा वरचा धाड् ऐकल्याशिवाय भाराला हात लावायचा नाही.

किल्ली आहे ना खिशात? तूच ठेवली होतीस, उठला नाहीस इथून. घे, उघड पेटी. अरे, घाबरतोस काय, तुला काही करत नाहीत ते. विजेरी धर जवळ.

बघितलंस?

हात लावू नकोस… बोटाला ग्रीस लागेल. ओलं असतं.