रिठावरची पहिली चूल

बसा साहेब. नकाशा गुंडाळून ठेवा, चहा होईतोवर बोलू. दिवेलागणीला लाईट जातेच आमच्याकडे, लोडशेडिंग. तोवर थोडा वेळ आहे.

दुपारी तुम्ही विचारलंत, दोन्ही बाजूंना घरं दाटीनं उभी आणि विहिरीकडची मधली पट्टी तेवढी मोकळी का? वाढीव आराखड्यात तिथं प्लॉट पाडू म्हणालात. पाडाल. पण आधी ऐका, मग चुना टाका.

मी सरपंच होते तेव्हाची गोष्ट. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. आमची बौद्ध वस्ती त्या वेळी ओढ्याकाठी होती आणि दर पावसाळ्यात पाणी चुलीपर्यंत यायचं. एका वर्षी आमच्या घराची मागची भिंत बसली. माझ्या सासूबाई, जनकाबाई, तिच्याखाली जाता जाता वाचल्या. मी त्यांना शब्द दिला, आत्याबाई, पुढचा पावसाळा तुम्ही कोरड्या घरात काढाल.

आराखड्यात आमच्यासाठी जागा धरली होती ती वारंगा फाट्याच्या रस्त्याला. उंच, कोरडी. पण तिथले भाव वाढायला लागले आणि आमच्या उपसरपंचांना, अमृतरावांना, गावच्या बाजारपेठेची भलतीच काळजी वाटू लागली. रस्त्याला दुकानं, आणि वस्तीसाठी रीठ, असा ठराव त्यांनी रेटून नेला. रीठ म्हणजे हीच जागा. कधीकाळी इथं एक गाव होतं. पटकीच्या साथीत उजाड झालं. निजामाच्या काळापासून कागदोपत्री ते बेचिराग आहे, म्हणजे जिथं दिवा लागत नाही असं गाव. मी त्या ठरावाला हो म्हणाले. अडला हरी, दुसरं काय.

चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडले, पण राहायला कुणी येईना. शेजारी जळबाचं शेत होतं. एकदा त्यानं मला बांधावर थांबवलं.

"ताई, दिवसा काई न्हाई. पन दिवस बुडाल्यावर इथं दिवा लावू नका. आमी बिडीसुदिक पेटवत न्हाई."

"काहून?"

"उजेड दिसला की त्यायला वाटते, गाव पुन्हा बसलं."

"त्यायला म्हंजे कोनाला?"

त्यानं बैल हाकले आणि मागं न बघता निघून गेला. मला हसू आलं. अमृतरावांसमोर ग्रामसभा चालवलेल्या बाईला भुतं काय घाबरवणार? पण वस्ती मात्र घाबरली होती. मृगाच्या आत कुणी राहायला गेलं नाही तर जागा परत घेऊ, असं अमृतराव चारचौघांत बोलून बसले होते. म्हणून मी ठरवलं, पहिली चूल आपली. एक पेटली की बाकीचे येतील.

माझे मालक सोनाजी. त्यांनी दुपारीच पत्रे उभे केले आणि उरलेलं सामान आणायला गाडी घेऊन परत गेले. मी आणि आत्याबाई मागं राहिलो. दिवस बुडाला तशी त्यांनी तीन दगड मांडून काटक्या पेटवल्या. मी बुद्धांच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावली, कंदील पत्र्याला अडकवला.

रातकिडे ओरडत होते ते एकदम थांबले.

मग वास आला. ताज्या सारवणाचा. आमची जमीन तर नुसती माती होती, अजून शेणाचा हात फिरला नव्हता. त्यामागून ज्वारीची भाकर भाजल्याचा वास आला आणि कुठंतरी जात्याची घरघर सुरू झाली. मी स्वतःला समजावलं, वाऱ्यावर गावातून येत असेल. पण वारा पडलेला होता.

"इस्तू द्या की बाई... चूल पेटायची हाय."

पत्र्याबाहेर, उजेड संपतो तिथं, एक बाई उभी होती. पदर डोळ्यांपर्यंत ओढलेला, हातात मातीची खापरी.

"कुठल्या तुमी?" मी विचारलं.

"ह्या काय... शेजारच्याच."

शेजारी बाभळी होत्या, साहेब. घर एकही नव्हतं.

"आत्याबाई... देऊ नका."

पण आत्याबाई उठल्या होत्या. त्यांचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. जन्मभर ही बाई खापरी घेऊन गावातल्या दारांबाहेर उभी राहिली, आणि लोकांनी निखारा वरून टाकला, अंतर राखून. तिच्या दारात विस्तव मागायला गावातलं कुणी कधी आलं नव्हतं.

"करुणा," त्या चुलीपाशी वाकत म्हणाल्या, "आपल्या चुलीचा इस्तू मागून राहिली गं ती. न्हाई कसं म्हनू?"

त्यांनी निखारे खापरीत घातले. बोटाला बोट लागलं.

"किती गार हात हाय गं, बाई, तुजा," आत्याबाई मायेनं म्हणाल्या.

ती गेली. थोड्या वेळानं विहिरीपाशी एक दिवा लागला. मग त्याच्या शेजारी दुसरा. घराघरांतून विस्तव पुढं सरकत होता, आणि तो आमच्या चुन्याच्या रेघांनी जात नव्हता. वाकडीतिकडी एक गल्ली उजळत होती, थेट आमच्या दारापर्यंत. एक लेकरू रडलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मी आत्याबाईंचा दंड धरला, उठा म्हणाले. त्या जागच्या हलल्या नाहीत.

"एवढं गाव शेजाराला असताना कुटं जायाचं?"

तेवढ्यात लांबून सोनाजींची हाक आली. बैल पाऊल पुढं टाकत नव्हते.

"करुणा, कोन कोन आलं गं? लई दिवे दिसून राहिले!"

ओढ्यावरूनही ते दिवे दिसले होते. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे गेले, आपणच मागं राहिलो. दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळी वस्ती गाड्या भरून इथं आली. अमृतरावांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मी हसले नाही. कुणाला काही सांगितलंही नाही, फक्त ती गल्ली जिथून गेली होती तिथं कुणाला घर बांधू दिलं नाही, की काडी ओढू दिली नाही.

आत्याबाईंनी एक पावसाळा कोरड्या घरात काढला. हिवाळ्यात गेल्या. माझा शब्द पुरा झाला आणि मी लहान पोरीसारखी रडले. त्या संध्याकाळी त्या पट्टीत एक दिवा वाढला, आमच्या दारासमोरच. तेव्हापासून वस्तीतलं माणूस गेलं की दिवा वाढतो.

गेली बघा लाईट.

घाबरू नका, बघा तिकडं. तो जवळचा आत्याबाईंचा. पण त्याच्या पलीकडे... सारवणाचा वास येतोय का तुम्हाला? ते अंगण काल नव्हतं. वस्तीत तर सध्या कुणी आजारीसुद्धा नाही.

साहेब, मघाशी दिवस बुडाल्यावर तुम्ही टेप गुंडाळत होता, तेव्हा तिथंच उभं राहून सिगारेट पेटवलीत ना? मी दारातून ओरडले होते. तुम्ही हात हलवलात.

बसून राहा. दाराकडे बघू नका. आत्याबाईंच्या हातावरचं गोंदण मी ओळखते. बाईमाणूस दारात आलं की विस्तव मागायलाच येतं, असं वाटायचं मला. पण नव्या शेजाऱ्याची चूल पेटायची असली की विस्तव द्यायलाही येतात. खापरी भरलेली आहे, साहेब... आणि त्या माझ्याकडे बघत नाहीत.