रोलबॅकनंतर उरलेलं

शपथेवर सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. त्या दुपारी त्या खोलीत मी एकटाच होतो. म्हणजे, ताई होती. साहेबही होते, पण त्यांना धरायचं की नाही ते तुम्हीच ठरवा. दिवा जरा इकडे सरकवा. आणि हसू नका, मला आजही ते आठवलं की आधी संताप येतो, भीती मागाहून.

आमची कंपनी डिस्क बनवायचं सॉफ्टवेअर करायची. दवाखान्यात रुग्णाला श्वास देणारं यंत्र असतं ना, त्याच्या पोटात डिस्क असते. ती धड असेल तरच यंत्र चालू होतं. तिच्यावरचं जुनं पुसून नवं भरायचं, हे आमच्या सॉफ्टवेअरचं काम. मी त्याची माहितीपुस्तिका लिहायचो. थापाड्याला याहून शोभेशी नोकरी नाही, असं आमच्या घरात अजून बोललं जातं.

तर एका वाक्यापाशी अडलो होतो. 'मध्येच चूक झाल्यास सर्व काही पूर्ववत होते.' खरं आहे का, एवढंच विचारायला मी तळघरातल्या टेस्टिंगच्या खोलीत उतरलो.

त्या खोलीला खिडकी नव्हती. यंत्रांच्या पंख्यांची घरघर, तापलेल्या धुळीचा वास, आणि पडद्याच्या उजेडात निळसर दिसणारा ताईचा चेहरा. तिला सगळे मोडताई म्हणत. आम्ही बनवलेलं मुद्दाम मोडून बघायचं, हाच तिचा धंदा.

"ताई, हे वाक्य छापू ना?"

"नका छापू, दादा. खोटं आहे."

"मग तर माझ्याच हातचं शोभेल!"

ती हसली नाही. "हे बघा. काम सुरू व्हायच्या आधी डिस्क कशी होती, ते सॉफ्टवेअर जपून ठेवतं. मग मी मध्येच एक खोटी चूक घडवते. त्यानं एकेक पायरी मागे जात सगळं होतं तसं करायचं. रोलबॅक म्हणतात त्याला. शेवटी टेस्ट आधीचं आणि नंतरचं ताडून बघते." तिनं पडद्यावरच्या लाल ओळीवर बोट ठेवलं. "सगळं मागे जातं. एक काहीतरी जात नाही. उरतं. भरताना खरोखर वीज गेली, तर डिस्क ना जुनी, ना नवी."

तेवढ्यात साहेब आत आले. बसलेदेखील नाहीत, ताईच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीला टेकून उभे राहिले.

"डिस्क आज दवाखान्यात गेली पाहिजे. अजून लाल का?"

"दोष आहे म्हणून लाल आहे, साहेब."

"मग ती टेस्टच काढून टाक."

"आरसा फोडला म्हणून तोंडावरचा डाग जात नाही. उद्या कुणाचा तरी श्वास अडकेल."

"काढ," साहेब म्हणाले. "जबाबदारी माझी."

ताईनं बटण दाबून टेस्ट पुन्हा चालवली. पंखे एकदम दबले... दिवे मिणमिणले... आणि साहेब खोलीत नव्हते. दार उघडल्याचा आवाज नाही, पावलं नाहीत. मी ताईकडे बघतोय, ताई माझ्याकडे. मग दारावर टकटक झाली आणि साहेब हसत आत आले.

"काय म्हणतेय टेस्ट?"

"तुम्हीच तर आत्ता काढायला सांगितलीत," ताई म्हणाली.

"मी? कधी?"

आणि त्या रिकाम्या खुर्चीपाशी, हातभर अंतरावर, साहेबांचाच आवाज आला... "काढ. जबाबदारी माझी."

साहेबांचे ओठ मिटलेले होते. ते पांढरेफटक पडले आणि आल्या पावली परत गेले. ताईनं रागानं पडद्यावर बोट आपटलं.

"बघितलंत ना, दादा? एक पायरी उरतेय. सकाळपासून तेच ओरडून सांगतेय मी!"

तिनं टेस्ट काढली नाही. साहेबांनी वर जाऊन स्वतःच्या हातानं ती काढली. डिस्क दवाखान्यात गेली. तिथं तिच्यावर नवं भरताना वीज डोळा मिटावा तशी गेली नि आली, आणि यंत्र मेलं. दुसरं यंत्र येईपर्यंत एका नर्सनं कुणाच्या तरी वडिलांना हातानं हवेची पिशवी दाबून श्वास दिला. जगले बिचारे. ती नर्स होती म्हणून, आमची डिस्क होती म्हणून नव्हे.

चौकशी बसली. साहेब कसे बोलले म्हणता! "टेस्ट या बाईंनी काढली." डोळ्याची पापणी हलली नाही. ताईची नोकरी जाणार, आणि असा डाग घेऊन तिला दुसरीकडे कोण दारात उभं करणार? मी उठलो, सगळं सांगितलं. टेबलाभोवती हशा पिकला. "अहो, हे आपले पुस्तिकावाले! यांचं काय ऐकता?"

"माझं ऐकू नका," मी टेबलावर हात आपटला. "खाली चला, आणि त्या आवाजाचं ऐका!"

गंमत म्हणून आले. ताईनं टेस्ट परत बसवून चालवली. पंखे दबले... आणि खुर्चीपाशी कुणी नसताना... "काढ. जबाबदारी माझी."

साहेब सगळ्यांच्या समोर उभे होते, स्वतःचा गळा दोन्ही हातांनी धरून.

ताई राहिली, साहेब गेले. दोष सापडला, टेस्ट हिरवी झाली. आवाज गेला नाही. त्या खुर्चीवर अजून कुणी बसत नाही.

परवा एका दुकानात साहेब दिसले. दाराशी पिशव्या ठेवून घेणाऱ्या माणसानं एक पिशवी उचलली. "कुणाची ही?" साहेबांनी तोंड उघडलं. ओठ हलले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, पण 'माझी' हा एक शब्द काही फुटेना. त्या माणसानं पिशवी परत खाली ठेवली. साहेब तिच्याकडे बघत राहिले... आणि तशीच सोडून निघून गेले.

आता कबूल करतो. साहेब गायब झाले आणि दारातून पुन्हा आले, हे मी रचलं. ते कुठंही गेले नव्हते. खुर्चीला टेकून तिथंच उभे होते, आणि ताईच्या डोळ्यांत बघून म्हणाले, "मी? कधी?" पण माणूस असा तोंडावर फिरतो, हे सांगितलं की लोक म्हणतात, काहीतरीच काय! गायब झाला म्हटलं की लगेच पटतं.

आवाज मात्र मी रचलेला नाही.